भोचक बाईचा अर्ज

रेगेन्सबर्ग,
शनिवार, दुपार

प्रिय नीलिमा,

पत्र बघून आधी तू घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी ठणठणीत आहे, उर्जा ठणठणीत आहे आणि तुझी कढीपत्त्याची कुंडीसुद्धा अजून जिवंत आहे. माझ्या ऑफिसातला प्रसन्न उद्या निघतोय. पुण्यात एक मुक्काम करून तो सांगलीला त्याच्या आईकडे येणार आहे, तेव्हा हे पाकीट तीनचार दिवसांत तुझ्या हातात पडेल. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करणाऱ्या नवऱ्याने बसून पत्र लिहावं म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड असणार, असं तुला वाटेल. भानगड आहेच, पण ती क्रमाने सांगतो. फोनवर मला तुझ्याशी गंभीर बोलताच येत नाही. जरा सुरुवात केली की मलाच काहीतरी विनोद सुचतो, तू हसतेस, मागून गुरुदत्त ओरडतो की ताई, दाजींना नमस्कार सांग, आणि तेवढ्यात आईंच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ होते. मोतीबिंदू आईंचा, पण गेले पंधरा दिवस आंधळी कोशिंबीर आपण दोघं खेळतोय.

तर मुद्दा. तुला विद्यापीठात, वृद्धांविषयीच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण परवा तू ते असं सांगितलंस की जणू दूधवाल्याने आज अर्धा लिटर जास्त टाकलं. मेल आली, त्सुलासुंग मिळाली, जागा आहे म्हणतात, पण राहू दे हो आता, असं म्हणालीस आणि लगेच मला विचारलंस की फ्रीजमधली उसळ संपवली का. संपवली. पण येत्या शुक्रवारपर्यंत त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन होकाराचं बटण दाबलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल, हे तूच मला जाता जाता सांगितलंस. उसळ संपली, तेव्हा आता त्या बटणाबद्दल बोलू.

तो जानेवारीतला रविवार आठवतो तुला? अर्जासोबत दोन पानांचं पत्र जोडायचं होतं. तुम्ही कोण, तुम्हाला हेच का शिकायचंय. मोटिवात्सिऑन्सश्रायबेन. नावच एवढं लांब की ते उच्चारून झाल्यावर माणसाचं मोटिवेशन शिल्लक राहू नये. तू म्हणालीस, मला काही सुचत नाही. आणि मी, कारखान्यात वीस वर्षं ब्रेकच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे अहवाल लिहिणारा माणूस, बाह्या सरसावून बसलो. लिहिण्यात आपला हात कोण धरणार! इंटरनेटवरचे चारपाच नमुने वाचले, त्यांतलं उत्तमोत्तम उचललं, आणि दुपारच्या चहापर्यंत दोन पानं तयार केली. लहानपणापासून तुला वृद्धांविषयी ओढ होती. तू संवेदनशील होतीस, ध्येयनिष्ठ होतीस, संघभावनेने काम करणारी होतीस, ताणाखालीही शांत राहणारी होतीस. हे शेवटचं लिहिताना मला हसू आलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. उर्जाने जर्मन तपासलं. ती तिच्या पद्धतीने फक्त या, गेनाऊ, पास्ट, म्हणजे हो, बरोबर, चालेल, एवढंच म्हणाली, तेव्हा मला वाटलं की लेकीलाही बापाचं कौतुक आहे.

तू ते शांतपणे वाचलंस. दोनदा वाचलंस. आणि मग म्हणालीस की फार चांगली बाई दिसतेय, माझ्या ओळखीची नाही. उर्जा इतकी हसली की तिच्या नाकातून कोको आला. मी रागावलो होतो, नाही असं नाही. म्हटलं, अगं सगळे असंच लिहितात. तू म्हणालीस, मग त्यांना सगळ्यांचं एकच पत्र पुरेल, माझं कशाला पाठवायचं? आणि ओट्यावर कुकर चढवून, टेबलाच्या कोपऱ्यातली कोथिंबीर बाजूला सारून, उर्जाच्या शाळेच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर तू लिहायला बसलीस. मधे उठून शिट्ट्या मोजत होतीस, पुन्हा बसत होतीस. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचण्याचं नाटक करत होतो. पहिलं वाक्य तू आधी मराठीत मोठ्याने म्हणालीस, ते मला ऐकू आलं. मी भोचक आहे. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी पेपर टाकून आत आलो. नीलिमा, खरं सांगतो, मला घाम फुटला होता. ही बाई जर्मनीतल्या विद्यापीठाला, जर्मनीतल्या, जिथे शेजारी शेजाऱ्याच्या पत्रपेटीवरचं नावसुद्धा वाचताना अवघडतो, तिथे पहिल्याच ओळीत सांगतेय की मला नाक खुपसायची सवय आहे! उर्जाने तुला वाचवायचा प्रयत्न केला. तिने त्याला एक सभ्य शब्द सुचवला, जिज्ञासू अशा अर्थाचा. तू तो घेतला नाहीस. जिज्ञासू माणूस पुस्तक उघडतो, मी दुसऱ्याचं दार उघडते, असं काहीसं म्हणालीस आणि पुढे लिहीत राहिलीस.

पुढे तू जे लिहिलंस ते मी त्या दिवशी चूक काढायच्या नजरेने वाचलं होतं. तू गेल्यापासून तीनचार वेळा पुन्हा वाचलं, कारण लॅपटॉपवर ते तसंच उघडं पडलंय. आता वाचताना मला आपली पहिली वर्षं दिसतात. तू आल्या आल्या विचारलं होतंस की या लोकांच्या खिडक्यांना दुकानासारखी शटरं कशाला? संध्याकाळ झाली की सगळी इमारत खटाखट बंद, जसा काही बाजार उठला. आणि मग जिन्यात खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या झिर्नगिबल बाई भेटल्या, हातात पिशवी, डोक्यावर टोपी, आणि तू सांगलीच्या गल्लीत विचारावं तसं त्यांना हसून विचारलंस, कुठे निघालात? तुझ्या दृष्टीने तो नमस्कार होता. त्यांच्या दृष्टीने ती पोलीस चौकशी होती. त्या भराभर उतरून गेल्या आणि नंतर कित्येक दिवस तुझ्या पायाचा आवाज आला की दार किलकिलं करून, तू वर गेल्यावर मगच बाहेर पडायच्या. मी तुला समजावलं की इथे असं विचारत नाहीत. तू मान डोलावलीस. दुसऱ्या दिवशी तू त्यांना विचारलंस, जेवलात का?

तू हे सगळं लिहिलंस. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही! तो फजितीचा प्रसंगही लिहिलास. झिर्नगिबल बाईंचं शटर दोन दिवस उघडलं नाही, तू बेल वाजवलीस, दार ठोठावलंस, खालच्या फटीतून हाका मारल्यास, शेवटी पोलिसांना बोलावलंस, आणि कुलूपवाला दार उघडत असतानाच त्या जिन्यातून वर आल्या. बहिणीकडे पासाऊला गेल्या होत्या. हातात केकचा डबा. दारात दोन पोलीस, एक कुलूपवाला आणि मधोमध तू, हातात त्यांच्यासाठी वरणभाताचा डबा घेऊन उभी. मी तेव्हा ऑफिसात होतो म्हणून वाचलो. तुझ्या पत्रातला हा परिच्छेद काढून टाक, असं मी तुला तीनदा सांगितलं. स्वतःची फजिती अर्जात कोण लिहितं? तू म्हणालीस की मग पुढचं कुणी का खरं मानावं? मी कुकर उतरवायला गेलो.

पुढचं म्हणजे केलरमान आजोबा. इमारतीच्या समोरच्या विंगमध्ये राहणारे, कचऱ्याच्या डब्यांचे स्वयंघोषित कोतवाल, आपण काचेची बाटली चुकीच्या डब्यात टाकली म्हणून आपल्या दाराला चिठ्ठी लावणारे. भांडी घासताना तुला समोरच्या खिडक्या दिसतात आणि कुणाचं शटर कधी वर जातं हे तुला पाठ होतं. बँकेत जाणारी मुलगी सगळ्यात आधी, मग ते बाळ असलेलं जोडपं, मग केलरमान, आठच्या आत, हमखास. त्या डिसेंबरात एक दिवस त्यांचं शटर वर गेलं नाही. ताज्या फजितीनंतर कुणीही शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी तर तुला स्पष्ट सांगितलं की नीलिमा, या वेळी नाही. तू माझ्याकडे बघितलंस, हात पुसलेस आणि चपला घालून बर्फातून पलीकडे गेलीस. चपला घालून! इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला उठवलंस, किल्ली आणवलीस. आजोबा न्हाणीघराच्या फरशीवर पडले होते, आदल्या संध्याकाळपासून. खुबा मोडला होता. अंगावर काही नव्हतं. तू आधी तुझी शाल त्यांच्यावर टाकलीस आणि मग अँब्युलन्सला फोन केलास.

मी असतो तर इथे गोष्ट संपवली असती. त्यांचे प्राण वाचले, मला समाधान वाटलं, म्हणून मला हा अभ्यासक्रम करायचा आहे. टाळ्या. पण तू लिहिलंस की दवाखान्यातून परतल्यावर आजोबा तुझ्याशी बोलेनात. तू सूप घेऊन गेलीस तर त्यांनी दार उघडलं नाही. तू लिहिलंस की ते रागावले होते, कारण मी त्यांना अशा अवस्थेत पाहिलं जी कुणी पाहावी अशी त्यांची इच्छा नव्हती. पडून राहणं त्यांना कदाचित चाललं असतं, माझं आत येणं नाही. पुढे लिहिलंस की मी बरोबर केलं की चूक हे मला अजून माहीत नाही. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा जाईन, पण माझं जाणं त्या माणसाकडून काय हिरावून घेतं, हे मला शिकायचं आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात दुसऱ्याने किती डोकावावं? माझ्या गावात हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि इथे कुणी उत्तर देत नाही. मला दोन्ही ठिकाणचं माहीत आहे, म्हणून मला यायचं आहे.

हे वाचून मी त्या दिवशी काय म्हणालो? मी म्हणालो की दुसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम चुकलाय. वीस वर्षांपूर्वी बघायच्या कार्यक्रमात मला सांगितलं होतं की मुलगी समाजशास्त्रात एमए आहे, स्वयंपाक येतो, स्वभावाने शांत आहे. तिसरी गोष्ट धादांत खोटी निघाली याचा मला पहिल्या आठवड्यातच पत्ता लागला. पण पहिल्या गोष्टीचा अर्थ मला त्या रविवारी कुकरच्या चौथ्या शिट्टीला कळला. इथल्या वृद्धाश्रमात तू अर्धवेळ जातेस, कुणाला फिरायला नेतेस, कुणाला पेपर वाचून दाखवतेस, आणि मी आपला समजत होतो की बायकोचा वेळ बरा जातो. तू तिथे जाऊन विचार करत होतीस! घरी येऊन पोळ्या लाटताना विचार करत होतीस. माझ्याशेजारी बसून मालिका बघतानाही तुझ्या डोक्यात हा प्रश्न चालू असायचा, आणि मला वाटायचं तुला झोप आलीय.

मुलाखतीच्या वेळी मी मुद्दाम घरून काम घेतलं होतं हे तुला ठाऊक आहे. दाराला कान लावला होता हे नसेल ठाऊक. तर भोचकपणा संसर्गजन्य आहे. त्या प्राध्यापिका बाईंनी तुला गुणपत्रिकेविषयी काही विचारलं नाही, वयाविषयी नाही, मधल्या एवढ्या वर्षांच्या खंडाविषयी नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न होता की केलरमान आता बोलतात का. आणि तू म्हणालीस, नाही, पण मार्चमध्ये एक दिवस त्यांनी शटर वर केलं आणि मला ते दिसेपर्यंत खिडकीत उभे राहिले, मग गेले. तेव्हापासून रोज उभे राहतात. मग दुसरे एक प्राध्यापक खाकरले आणि त्यांनी विचारलं की वरणभात म्हणजे नेमकं काय. मला तेव्हाच कळलं होतं की तुला घेणार.

आता तुझी कारणं. परवा तू तीन सांगितलीस. उर्जाचं पुढच्या वर्षी आबिटूर, म्हणजे इथली बारावी आहे. आबिटूर तिचं आहे, तुझं नाही. ती तुला अभ्यासाच्या खोलीत पाऊल टाकू देत नाही आणि तू मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये एका शब्दात उत्तर देते. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा मात्र ती मराठीत बोलली, पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, बाबा, आई गेली नाही तर मी कुठे जाऊ शकणार नाही. मी तिला अर्थ विचारला नाही, तुला लागेल तो अर्थ तू लाव. दुसरं कारण, सत्तेचाळिसाव्या वर्षी वसतिगृहात राहायचं म्हणजे लोक हसतील. अगं, पहिल्या आठवड्यात त्या मजल्यावरच्या प्रत्येक पोराची आई कुठे राहते, तो रात्री काय जेवतो आणि त्याचं कुणाशी बिनसलंय हे तुला माहीत असेल. हसतील ते तुझ्या डब्यासाठी रांग लावून हसतील. तिसरं, अंतर. सहासात तासांचा प्रवास आहे, गाडी रुसली तर आठ. दर दोन आठवड्यांनी तू ये, मधल्या आठवड्यात मी येईन. मला रेल्वेत झोप छान लागते.

चौथं कारण तू सांगितलं नाहीस. ते मी लिहितो. गेल्या वर्षी जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, मी कचऱ्याच्या वेळापत्रकाची नोटीस वाचत थांबलो होतो. वर्षानुवर्षं तीच नोटीस आहे. तू दोन पायऱ्या पुढे गेलीस, वळून माझ्याकडे बघितलंस आणि पिशव्या तिथेच टाकून मला खाली, टॅक्सीत आणि तिथून थेट दवाखान्यात घेऊन गेलीस. मी शेवटपर्यंत सांगत होतो की मी फक्त वाचत होतो. डॉक्टर म्हणाले की बरं झालं वेळेत आलात. तेव्हापासून माझ्या छातीत एक छोटी जाळी आहे आणि तुझ्या जिवाला घोर आहे. मी जिना चढलो की तू स्वयंपाकघरातून माझा श्वास ऐकतेस. मी अंघोळीला जास्त वेळ लावला की दारावर टकटक होते, साबण आहे का म्हणून. साबण नेहमी असतो, नीलिमा. मला माहीत आहे तू काय विचारतेस ते. आणि मला हेही माहीत आहे की परवा तू राहू दे म्हणालीस ते उर्जासाठी नाही, लोकांसाठी नाही, माझ्यासाठी.

मला तुझ्या या प्रेमाचा राग येत नाही, उलट त्याच्यावरच तर मी जगतोय. पण काल संध्याकाळी मी एक उद्योग केला. तुझ्यासारखी दोन पानं आपण स्वतःविषयी लिहून बघावी म्हटलं. दिनकर, वय बावन्न, ध्येयनिष्ठ. खोडलं. संघभावना. खोडलं. भोचक बाईच्या नवऱ्याला निदान एक तरी खरं वाक्य जमायला हवं म्हणून बराच वेळ बसलो, आणि मग जे आलं ते असं, की मला घरात एकटं राहायची भीती वाटते. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तू सांगलीला गेलीस त्या दिवसापासून मी सगळ्या खोल्यांत दिवे लावून ठेवतो. विजेचं बिल आलं की कळेलच. हे वाक्य वाचून तू म्हणशील की बघा, म्हणूनच मी जात नाही. खरं सांगायचं तर, कालपर्यंत मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटत होतं की शुक्रवार निघून जावा.

आणि मग आज सकाळ झाली. उर्जा कालपासून मैत्रिणीकडे म्युनिकला आहे. मला थोडी सर्दी होती म्हणून रात्री एक गोळी घेतली आणि गाढ झोपलो. जाग आली ती बेलने. एकदा, दोनदा, मग कुणीतरी बोट काढायलाच तयार नाही. तसाच बनियन-लेंग्यावर जाऊन दार उघडलं. दारात झिर्नगिबल बाई, हातात फोन, त्यावर हाउसमाइस्टरचा नंबर लावून तयार. आणि त्यांच्यामागे, आपला रोलाटोर, तो चाकांचा वॉकर, दोन्ही हातांनी घट्ट धरून, केलरमान आजोबा. तो माणूस पलीकडच्या विंगमधून, अंगण ओलांडून, त्या खुब्यानिशी आला होता, आणि नीलिमा, पायात घरातल्या सपाता होत्या. साडेआठ वाजून गेले तरी आपल्या स्वयंपाकघराचं शटर वर गेलं नव्हतं. आजोबांनी मला नखशिखांत बघितलं आणि खडसावलं की या इमारतीत शटर आठच्या आत वर जातं. मी विचारलं, नीलिमा तुम्हाला सांगून गेली होती का? तर झिर्नगिबल बाई म्हणाल्या की छे, ती इथे नाही म्हणजे आता कुणीतरी बघायलाच हवं. मग त्यांनी मला विचारलं की जेवलात का. साडेआठ वाजता, सकाळी. मी तिथे दारातच रडलो गं, त्या दोन म्हाताऱ्यांसमोर, बनियनवर. आजोबा जमिनीकडे बघत उभे राहिले आणि माझं होईपर्यंत हलले नाहीत. म्हणून हे पत्र. तुझ्याशिवाय माझ्याकडे बघणारं कुणी नाही असं समजून तू घरी बसणार असशील, तर ते आता खरं राहिलेलं नाही, आणि ते तूच खोटं पाडलंयस. बटण तुलाच दाबावं लागेल, पासवर्ड तुझ्याकडे आहे. शुक्रवारची वाट बघू नकोस, हा कागद खाली ठेवलास की दाब. आणि तिकडे गेलीस की पहिल्या दिवशी समोरच्या खिडक्या नीट बघून ठेव, तिथेही कुणाचं तरी शटर आठला वर जात असेल.

तुझाच,
उद्यापासून आठच्या आत उठणारा
दिनकर